एक वेढा, दोन आजार आणि मोड आलेलं कडधान्य

डिसेंबर 1915, पहिलं महायुद्ध. आजच्या इराकमध्ये, टायग्रिस नदीच्या वळणात वसलेलं कुत हे गाव. बगदादकडे निघालेली इंग्रजांची फौज टेसिफॉनला अडली, हजारो जखमी घेऊन मागे फिरली आणि या गावात शिरून बसली. तुर्कांनी वेढा आवळला. या फौजेचं नावच ‘सहावी पूना डिव्हिजन’. तिच्यात 103, 110 आणि 117 अशा तीन मराठा पलटणी होत्या, आणि शेजारच्या खंदकांत डॉर्सेट, नॉरफोककडचे गोरे शिपाई. नदी एक, चिखल एक, तोफाही त्याच. तरीही दवाखान्यात दोन निरनिराळे आजार येऊ लागले. गोऱ्यांना बेरीबेरी, हिंदी शिपायांना स्कर्व्ही. बेरीबेरीत पाय सुजतात, बधिर पडतात, शेवटी हृदय थकतं. स्कर्व्हीत हिरड्या फुगून रक्त येतं, दात हलतात, पायांवर काळेनिळे डाग पडतात.

फरक ताटात होता. गोऱ्यांना शिधा म्हणून पांढऱ्या मैद्याचा पाव मिळे. गव्हाचा कोंडा आणि अंकुर काढून टाकला की त्याबरोबर ब1 जीवनसत्त्वही जातं. हिंदी शिपायाचा शिधा म्हणजे आटा, कोंड्यासकट दळलेला. त्याला बेरीबेरी शिवला नाही. फेब्रुवारीत मैदा संपला, गोऱ्यांनाही आटा आणि सातूचं पीठ खावं लागलं, आणि बेरीबेरी ओसरला. टंचाईनेच रोग बरा केल्याचं हे एक उदाहरण.

स्कर्व्हीचं कोडं याच्या उलटं. वेढ्यात भाजी नव्हती, फळ नव्हतं. जानेवारीच्या अखेरीपासून घोडे कापायला सुरुवात झाली आणि गोरे ते मांस खाऊ लागले. ताज्या मांसात क जीवनसत्त्व थोडंच असतं, पण स्कर्व्ही लांब ठेवायला पुरतं. आपले शिपाई घोड्याला हात लावेनात. मराठे काही शाकाहारी नव्हेत, बकरं समोर आलं असतं तर कुणी मागे हटलं नसतं. पण घोडा? गावी परतल्यावर पंगतीला कोण बसवून घेणार? हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीच्या तारा मागवल्या, तरी बहुतेकांनी एप्रिल उजाडेपर्यंत दाद दिली नाही. वेढ्यातले मुख्य वैद्यकीय अधिकारी कर्नल पॅट्रिक हेहिर यांनी पुढे हा सगळा तपशील लिहून ठेवला. एप्रिलमध्ये विमानांतून पिठाची पोती टाकली गेली, पण ते दाढेलाही पुरलं नाही. 147 दिवसांनी, 29 एप्रिल 1916 रोजी फौज शरण गेली. भुकेने पोखरलेली ही माणसं कैदी म्हणून वाळवंटातून चालवली गेली आणि त्यांतले हजारो परत आले नाहीत.

कुत पडल्यावरही धडा मिळाला नाही. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, आघाडीवर 11,000हून अधिक हिंदी शिपाई स्कर्व्हीमुळे दवाखान्यात गेले. वेढा नसताना!

सैन्याला इलाज माहीत नव्हता असं नाही. लिंबाच्या रसाने स्कर्व्ही टळतो, हे आरमाराला शंभराहून अधिक वर्षं ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि ताटात पडणं वेगळं. क्रिमियाच्या युद्धात डिसेंबर 1854 मध्ये बालाक्लाव्हाच्या बंदरात लिंबूरसाच्या पेट्या उतरल्या, सुमारे 20,000 पौंड रस. शिपाई स्कर्व्हीने मरत होते आणि रस फेब्रुवारीपर्यंत गोदामात पडून होता. का? रोजच्या शिध्यात लिंबूरस द्यावा असा हुकूम नव्हता म्हणून. फ्लॉरेन्स नाइटिंगेल याच सुमारास, 4 नोव्हेंबरला, 38 परिचारिकांना घेऊन स्कुटारीच्या इस्पितळात पोचली होती. दिवा घेऊन फिरणारी बाई एवढीच तिची ओळख आपल्या शाळेच्या पुस्तकांनी दिली. प्रत्यक्षात ती हिशेब आणि आकडेवारीची बाई. रोग्याचं जेवण वेळेवर, गरम आणि खाण्याजोगं पोचतं का, यासाठी तिने अधिकाऱ्यांशी वाद घातले.

पहिल्या महायुद्धात तर रसच दगा देऊ लागला. आता सैन्याला मिळे तो वेस्ट इंडीजमधल्या हिरव्या लिंबांचा बाटलीबंद रस. तो पिऊनही माणसं आजारी का पडतात, याचा छडा लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये लावला गेला. ‘व्हिटॅमिन’ हा शब्द 1912 मध्ये ज्याने घडवला तो कासिमीर फुंक याच संस्थेत काम करत होता. युद्धामुळे पुरुष संशोधक आघाडीवर गेले आणि प्रयोगशाळा हॅरिएट चिक, मार्गारेट ह्यूम, एलन डेल्फ अशा बायकांच्या हाती आली. चिकबाई 1905 साली शिष्यवृत्तीसाठी अर्ज करत होत्या तेव्हा, बाईला घेऊ नका, असं संस्थेतल्याच दोघांनी संचालकांना विनवलं होतं. त्या 102 वर्षं जगल्या, हे जाता जाता सांगून ठेवतो.

त्यांचे प्रयोग गिनीपिगांवर चालत, कारण कुत्रा, गाय, उंदीर क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात बनवतात. माणसाला आणि गिनीपिगाला ते बाहेरून घ्यावं लागतं. निष्कर्ष असा निघाला की या हिरव्या लिंबाच्या ताज्या रसात पिवळ्या मोठ्या लिंबाच्या चौथ्या हिश्शाएवढीच ताकद आहे, आणि बाटलीत टिकवलेला रस तर जवळजवळ निकामी. मग दुसरा निष्कर्ष, जो वाचून मी जागचा उठलो. हिरवी भाजी मिळत नसेल तिथे शिपायांना अख्खं कडधान्य भिजवून, मोड आणून द्या!

आमच्या बोरीत, जिंतूर तालुक्यात, हे सांगायला लंडनचं शास्त्र कशाला लागतं, असं कुणीही म्हणेल. मूग-मटकी रात्री भिजत घालायची, सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधायची. चिकबाईंची कृतीही हीच; फक्त थंड हवेमुळे त्यांनी भिजवायला एक दिवस आणि मोडांना दोन दिवस दिले. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशीच गाठोड्यातून पांढरी टोकं डोकावतात.

त्या गाठोड्यात काय चाललेलं असतं ते पाहा. कोरड्या दाण्यात क जीवनसत्त्व नसल्यातच जमा. पाणी आत शिरलं की दाणा श्वास घेऊ लागतो. गाठोडं हाताला कोमट लागतं ते त्यामुळेच. साठवलेला स्टार्च फुटून साखर होते आणि त्याच साखरेपासून दाणा क जीवनसत्त्व नव्याने तयार करतो. शंभर ग्रॅम मोडाच्या मुगात सुमारे 13 मिलिग्रॅम असतं, आणि स्कर्व्ही टाळायला रोज 10 मिलिग्रॅम पुरतं. एवढीशी मात्रा करते काय? आपली कातडी, हिरड्या, रक्तवाहिन्या, जखमेची खूण, सगळं कोलॅजन नावाच्या धाग्यांनी बांधलेलं आहे. तीन पदरी सुंभासारखा हा धागा, आणि त्याचा पीळ टिकवायला क जीवनसत्त्व लागतं. ते संपलं की पीळ सुटतो. 1740च्या दशकात इंग्रज आरमारी अधिकारी अॅन्सनच्या सफरीत एका खलाशाची पन्नास वर्षांपूर्वीची, केव्हाच भरलेली जखम स्कर्व्हीत पुन्हा उघडली होती.

चिकबाईंनी एक अट घातली होती: दाणा अख्खा, सालासकट हवा. डाळीला मोड येत नाहीत. शिपायाच्या शिध्यात मात्र डाळ असायची. मोडांची परीक्षाही झाली. 1918 मध्ये ग्रीसमधल्या सलोनिकाच्या आघाडीवर स्कर्व्ही झालेल्या सर्बियन शिपायांचे दोन गट केले, एकाला लिंबूरस, दुसऱ्याला पांढऱ्या घेवड्याच्या शेंगदाण्याएवढ्या, मोड आलेल्या बिया. बियांचा गट थोडा पुढेच राहिला.

आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं, असं म्हणायचा मोह इथे होतो. मला तो पटत नाही. आमचा परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात. मराठा पलटणींची भरती मुख्यतः सातारा, रत्नागिरीकडची. पण उसळ सगळीकडचीच. ती खाऊन वाढलेली माणसंच स्कर्व्हीने पडली. घरी जे चवीसाठी होत होतं ते औषध आहे, हे ना त्यांना माहीत होतं, ना त्यांच्या डॉक्टरांना. त्यासाठी गिनीपिगांची वजनं रोज टिपणाऱ्या बायका लागल्या.

युद्ध आणि वैद्यक या विषयात शिरायचं असेल तर केनेथ कार्पेंटर यांचा 1986चा स्कर्व्हीचा इतिहास घ्या, इंग्रजी सोपं आहे. आणि नाइटिंगेलचं ‘नोट्स ऑन नर्सिंग’ नर्सिंगला जाणाऱ्या मुलींनी तरी वाचावंच. त्यातली सहावं आणि सातवं ही जेवणाबद्दलची प्रकरणं आधी वाचा; खिडक्या आणि हवेबद्दलचं पहिलं नंतर वाचलं तरी चालतं.