चढणीचे मासे घाट का ओलांडत नाहीत?

पहिला जोरदार पाऊस झाला की कोकणात चढणीचे मासे ओहोळांतून उलटे पोहत, बांधावर उड्या घेत भातखाचरांत अंडी घालायला शिरतात. पण सह्याद्रीचा माथा त्यांना ओलांडता येत नाही. म्हणून सावित्री आणि कृष्णा महाबळेश्वरात शेजारी उगम पावल्या, तरी माशांसाठी ती दोन वेगळी जगं आहेत.

अशा ताटातूट झालेल्या माशांत पिढीगणिक डीएनएची नक्कल होताना बारीक चुका राहतात. एकच पोथी दोन मठांत शतकानुशतकं उतरवली, तर दोन्हीकडे निराळ्या चुका साठतील, तसंच हे. दोन नद्यांतल्या माशांच्या डीएनएतले फरक मोजले की त्यांची ताटातूट कधी झाली, याचा अंदाज बांधता येतो.

म्हणूनच एका नदीचं मत्स्यबीज दुसऱ्या नदीत सोडून हे वेगळेपण मोडणं मला घातक वाटतं. कर्नल साइक्सने १८३९ मध्ये मुळा-मुठेतल्या दख्खनी महसीर माशाचं वर्णन केलं. या माशाची लोणावळ्यात वाढवलेली पिल्लं पुढे कावेरीत सोडली गेली. तिथला पाठीवर उंचवटा असलेला, नारिंगी परांचा महसीर झपाट्याने घटला, त्यामागे हेही एक कारण मानतात. २०१८ मध्ये तो ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला. कावेरीच्या खोऱ्याबाहेर तो कुठेच नाही.