बाहुल्यांचे फोटो काढायचेत? लेन्स घेण्याआधी हे छोटं गणित करा

माझी मावसबहीण रुखवतासाठी नवरा-नवरीच्या बाहुल्या बनवते. नऊवारी, शेला, मोत्याची नथ, मुंडावळ्या, सगळं हाताने. ऑर्डर मिळते ती व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोवरून. गेल्या लग्नसराईत एकाच आठवड्यात दोघींनी तिला विचारलं, "नवरीचं नाक असं फुगल्यासारखं का दिसतंय?" बाहुली नीट होती, फोटो चुकत होता.

मग घरातल्या जुन्या डीएसएलआरसाठी आम्ही ५० मिमी, एफ/१.८ लेन्स घेतली. पहिल्याच फोटोत नथ एकदम शार्प आणि डोळे धूसर! मागे उभा केलेला नवरदेव तर ओळखूच येईना. लेन्स चांगलीच होती, पण ती कशी वापरायची आणि घेताना कोणता आकडा बघायचा, हेच आम्हाला माहीत नव्हतं. तुमचे पैसे वाचावेत म्हणून हा लेख.

आधी अंतराचं गणित

माणसाचा चेहरा फोटोत नैसर्गिक दिसतो तो साधारण २ मीटरवरून. अगदी जवळून सेल्फी घेतली की नाक मोठं आणि कान लहान दिसतात. बाहुलीचंही तेच होतं, फक्त अंतर तिच्या मापाचं धरायचं.

१६० सेंमीला बाहुलीच्या उंचीने भागा. बाहुली ३० सेंमीची असेल तर उत्तर येतं साधारण ५. म्हणजे माणसाचे २ मीटर हे बाहुलीसाठी ४० सेंमी झाले. आम्ही मोबाइल १० सेंमीवर नेत होतो. माणसाच्या मापात ते झालं अर्धा मीटर, म्हणजे सेल्फीच! नाक फुगणारच ना?

म्हणून मोबाइल असेल तर ४० सेंमी मागे सरका आणि २एक्स करा. ३० सेंमीची बाहुली उभ्या फ्रेममध्ये जवळजवळ बसते. कॅमेरा बाहुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. वरून काढला की ती लगेच खेळणं वाटते. खर्च शून्य!

आणि मोबाइलला लावायची क्लिपवाली मॅक्रो लेन्स? ती बहुतेक वेळा काही सेंटीमीटरवरच फोकस करते. साडीचा काठ किंवा नथीचा क्लोजअप घ्यायला ठीक, पण चेहऱ्यासाठी नको. स्वस्त फोनमधल्या २ मेगापिक्सेलच्या मॅक्रो कॅमेऱ्याचंही तेच.

एफ/१.८ने घोळ का झाला?

कॅमेरा जितका जवळ, तितका शार्प भाग कमी. एपीएस-सी सेन्सरच्या डीएसएलआरवर ५० मिमी लेन्स ४५ सेंमीवर धरली तर एफ/१.८ला फक्त ४ मिमीच्या आसपास खोली शार्प येते. नथीपासून डोळ्यापर्यंतचं अंतरही त्यात मावत नाही. एफ/८ केलं की ती दीड सेंमीपर्यंत जाते. जोडीचा पूर्ण फोटो ८० सेंमीवरून काढला, तर एफ/८ला ६ सेंमीपेक्षा जास्त खोली मिळते आणि नवरदेवही शार्प येतो.

शिवाय बॅकग्राउंड अतिच ब्लर झालं की मेंदूला लगेच कळतं की वस्तू छोटी आहे. बाहुली 'खरी' वाटायला हवी असेल तर मागचं थोडं दिसू द्या.

पण एफ/८ला उजेड कमी पडणार, हे खरं. मात्र बाहुली हलत नाही! ट्रायपॉड लावा, आयएसओ १०० ठेवा, २ सेकंदांचा टायमर लावा. शटर अर्धा सेकंद उघडं राहिलं तरी काही बिघडत नाही. लहान मुलांचे फोटो काढताना ही सोय नसते. बाजूला खिडकी आणि समोरून पांढरा कार्डबोर्ड, एवढी लाइटिंग पुरते.

मग कोणता आकडा बघायचा?

मिनिमम फोकसिंग डिस्टन्स. म्हणजे लेन्स किती जवळच्या वस्तूवर फोकस करू शकते. हे अंतर लेन्सच्या टोकापासून नाही, तर सेन्सरपासून मोजतात. काही लोकप्रिय लेन्सचे आकडे बघा:

- कॅनन १८-५५ आयएस एसटीएम आणि निकॉन एएफ-पी १८-५५: २५ सेंमी
- कॅनन ५० मिमी एफ/१.८ एसटीएम: ३५ सेंमी
- निकॉन ३५ मिमी एफ/१.८जी डीएक्स: ३० सेंमी
- निकॉन ५० मिमी एफ/१.८जी: ४५ सेंमी
- कॅनन २४ मिमी एफ/२.८ एसटीएम: १६ सेंमी

यादीत सगळ्यात वर काय आहे, बघितलंत? कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स! ती ५५ मिमीवर ठेवून एफ/८ला वापरली तर बाहुल्यांची बरीच कामं होतात. आमच्याकडे ती बॅगेत पडूनच होती. २४ मिमी खूप जवळ जाते, पण चेहऱ्यासाठी तेवढं जवळ जाऊ नका, नाहीतर पुन्हा तोच नाकाचा प्रॉब्लेम. छोट्या टेबलावर मांडलेला अख्खा सीन घ्यायला मात्र ती मस्त.

पैसे टाकायचेच असतील तर या क्रमाने

१. आधी ट्रायपॉड. याने जो फरक पडतो तो कुठल्याही लेन्सने पडत नाही.

२. मग ५० मिमी किंवा ३५ मिमी प्राइम. ती एफ/४ ते एफ/८च्या दरम्यान वापरा. घरात जागा कमी असेल तर ३५ घ्या. ३० सेंमीची पूर्ण बाहुली घ्यायला ५० मिमीने ८० सेंमी मागे जावं लागतं, ३५ने ५५-६० सेंमीत काम होतं.

३. नथीचा मोती किंवा डोळ्यांची रंगरंगोटी दाखवायची असेल तर एक्स्टेन्शन ट्यूब. ही लेन्स आणि कॅमेरा यांच्यामधली पोकळ रिंग, आत काच नसते. ५० मिमीला १२ मिमीची ट्यूब लावली की लेन्स बरीच जवळ जाते. फक्त मेटल कॉन्टॅक्ट असलेलीच घ्या. एकदम स्वस्तवाल्या साध्या ट्यूबमध्ये आजच्या लेन्सचं ॲपर्चर बदलता येत नाही.

४. हौस असेल तर जुनी मॅन्युअल लेन्स, उदाहरणार्थ सोव्हिएत काळातली हेलिओस ४४-२ (५८ मिमी, एफ/२). मागची पानं-फुलं गोल फिरल्यासारखी दिसतात. ती एम४२ माउंटची आहे. निकॉन डीएसएलआरवर काच नसलेल्या ॲडॉप्टरने दूरचं फोकस होत नाही, पण बाहुलीसाठी दूरचं हवंय कुठे? सेकंडहँड घेताना मात्र आरपार टॉर्च मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती वाढतच जाते, सोडून द्या.

बहिणीने आता चौकटीत बसेल असा एक नियम केलाय: स्टूलवर ४० सेंमीची खूण, खिडकीचा उजेड आणि फोकस कायम नवरीच्या डोळ्यावर. बहुतेक फोटो ती मोबाइलवरच काढते. नाकाबद्दल त्यानंतर कुणी विचारलेलं नाही. उलट आता विचारतात, नथ वेगळी मिळेल का?