गोंदिया जिल्ह्यातील उन्हाळी पाणपक्षी

गोंदिया जिल्ह्यातील तलाव, बोड्या व पाणथळ जागांवर मार्च ते जून या काळात दिसणाऱ्या, मुख्यतः निवासी पक्ष्यांना उन्हाळी पाणपक्षी म्हणता येईल. हिवाळी स्थलांतरित बदके परतल्यावर तलाव ओस पडतात, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः अनेक निवासी पक्ष्यांवर विणीचा रंग याच सुमारास चढू लागतो.

अधिवास

पूर्व विदर्भातील हा प्रदेश तलावांसाठी प्रसिद्ध आहे. येथील अनेक जुने तलाव कोहळी समाजाने भातशेतीच्या सिंचनासाठी बांधले. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात असल्याने त्यांना ‘मालगुजारी तलाव’ हे नाव मिळाले. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगावबांध त्यांपैकी विशेष प्रसिद्ध होय. अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून येथे काम करताना पक्ष्यांचे दीर्घकाळ निरीक्षण केले.

प्रमुख पक्षी

कमळपक्ष्याला हिवाळ्यात लांब शेपटी नसते. विणीच्या काळात ती वाढते, अंग गडद तपकिरी होते आणि मानेमागे सोनेरी पट्टा झळकतो. याची मादी एकाहून अधिक नरांशी जोडी जमवते. अंडी उबवणे व पिले सांभाळणे हे काम नर करतो. मातकट दिसणाऱ्या वंचकाची पाठ तांबूस-किरमिजी होते, गायबगळ्याच्या डोक्या-मानेवर केशरी छटा येते, तर टिबुकलीचा गळा तांबूस होतो. जांभळी पाणकोंबडी मात्र वर्षभर निळी-जांभळी असून तिची चोच व कपाळ लाल असते. महाराष्ट्रात सारस पक्षी प्रामुख्याने याच जिल्ह्यात आढळतो. त्याचे डोके व मानेचा वरचा भाग लाल असतो.

निरीक्षण व संवर्धन

पाणी आटल्याने पक्षी उरलेल्या डबक्यांभोवती एकवटतात व सहज दिसतात. मात्र त्यांना हुसकावल्यास जवळपास दुसरे पाणी मिळेलच असे नाही. म्हणून सकाळी लवकर, काठापासून दूर राहून दुर्बिणीने निरीक्षण करणे इष्ट ठरते.

तलावातील गाळ काढणे सिंचनासाठी आवश्यक आहे. तथापि, कमळपक्षी तरंगत्या पानांवर, तर पाणकोंबडी काठच्या दाट पाणवनस्पतींत घरटे करते. सर्व वनस्पती एकदम उपटल्यास पाणी टिकूनही विणीची जागा नष्ट होते. त्यामुळे गाळ काढताना काठाचा काही भाग राखून ठेवणे हितावह असते.