धरण फुटते तेव्हा: पुराचे गणित आणि इशाऱ्याची भाषा

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री काळाघोडा पुलापाशी पस्तीस फुटांच्या वर गेली, त्या रात्री फतेगंजमधील आमच्या गल्लीत दिवे नव्हते. जिन्यावर उभ्या असलेल्या शेजारच्या मावशींनी खाली पाहत विचारले, "सर, आजवा फुटला की काय हो?" आजवा फुटला नव्हता. पावागढापासून शहरापर्यंत पाऊस कोसळत होता आणि भरलेल्या आजवा सरोवराचे पाणी नदीत येत होते. मी तसे सांगितले, पण त्यांचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. सोडलेले पाणी आणि फुटलेले पाणी यांत नेमका फरक काय, हे मला तरी कुठे ठाऊक होते? तीस वर्षे साहित्य शिकवणाऱ्या माणसाला तो प्रश्न पुढे अनेक महिने पुरला. त्या वाचनातून जे समजले ते येथे मांडत आहे. अभियंत्यांना यात नवे काही सापडणार नाही. हा लेख त्यांच्यासाठी नाहीच.

आधी तो फरक पाहू. पावसाचा पूर नदीच्या चालीने चढतो. वर पाऊस पडतो, ओढे भरतात, तास-दोन तासांनी पुलावरची पट्टी एकेक फूट बुडू लागते. धरणाचे दरवाजे उघडून सोडलेले पाणीही माणसाच्या हातात असते, थोडे उघडावे की जास्त हे ठरवता येते. धरण फुटल्यावर मात्र पाण्याला ठरवणारे कोणी राहत नाही. महिनोन्महिने साठलेले पाणी काही मिनिटांत किंवा फार तर दोन-चार तासांत मोकळे होते आणि नदीच्या पात्रातून पुराऐवजी लाट धावत येते. या लाटेची उंची, वेग आणि एखाद्या गावाशी पोचण्याची वेळ आधीच काढून ठेवणे म्हणजे धरणफुटीच्या पुराचे प्रतिमान तयार करणे.

हे गणित जुने आहे. ज्या १८९२ साली आजव्याचे पाणी बडोद्याच्या नळांना आले, त्याच वर्षी रिटर नावाच्या जर्मन अभियंत्याने एक सोपा प्रश्न सोडवला. सपाट, गुळगुळीत पात्रात उभी असलेली पाण्याची भिंत एका क्षणात नाहीशी झाली, तर काय होईल? उत्तर असे निघाले की धरणाच्या जागी पाण्याची खोली मूळ खोलीच्या चार नवमांश राहते आणि लाटेचे टोक पुढे धावते, तेही खोली जितकी जास्त तितके वेगाने. तीस मीटर खोल पाणी असेल तर धरणाच्या जागी साधारण सव्वातेरा मीटर उरते आणि टोकाचा वेग सेकंदाला चौतीस मीटर, म्हणजे ताशी सव्वाशे किलोमीटरच्या जवळ जातो. प्रत्यक्षात असे कधी होत नाही, कारण कोणतेही पात्र गुळगुळीत नसते आणि धरणाची संपूर्ण भिंतही क्वचितच एका क्षणात जाते. तरीही हे उत्तर आजही टाकाऊ झालेले नाही. संगणकावर नवे प्रतिमान रचणारे आपली आकडेमोड बरोबर चालते की नाही हे रिटरच्या उत्तराशी ताडून पाहतात.

खरी अडचण भिंत कशी फुटते येथून सुरू होते. मातीच्या धरणाला दोन मोठी भये. पहिले, पाणी माथ्यावरून वाहू लागणे. माती वाहते, खाच पडते, खाचेतून अधिक पाणी, अधिक पाण्याने मोठी खाच. दुसरे, आतून झिरपणे. बारीक वाटेने पाणी मातीचे कण बाहेर आणत राहते, वाट नळीसारखी रुंद होते आणि एके दिवशी वरचा भाग खचतो. दगडी किंवा काँक्रीटच्या धरणाची तऱ्हा निराळी, ते बहुधा एकदम जाते. तेव्हा प्रतिमान करणाऱ्याला प्रथम गृहीत धरावे लागते की खिंडार किती रुंद पडेल आणि पडायला किती वेळ लागेल. यासाठी जगात पूर्वी फुटलेल्या धरणांच्या नोंदींवरून सूत्रे बसवली आहेत. त्यांतील फ्रोएलिक यांच्या १९९५ च्या सूत्राने मला चकित केले. त्यानुसार साठा दुप्पट झाला तर बाहेर पडणारा सर्वोच्च प्रवाह जेमतेम सव्वापट होतो, पण खिंडारामागच्या पाण्याची उंची दुप्पट झाली तर तो सव्वादोन पटींच्याही पुढे जातो. तलाव केवढा पसरलेला आहे याकडे आपले डोळे जातात, पण पहिल्या तडाख्यासाठी पाणी किती उंच उभे आहे हे अधिक महत्त्वाचे. अर्थात ही सूत्रे अंदाजाचीच. दोन जाणकारांनी वेगवेगळी सूत्रे घेतली तर उत्तरांत दुपटीचा फरक पडू शकतो, आणि चांगला अहवाल तो फरक लपवत नाही.

खिंडारातून निघालेले पाणी पुढे कसे जाईल, यासाठी फ्रेंच अभियंता सेंट-व्हेनां याने १८७१ साली मांडलेली समीकरणे वापरतात. नदीचे आडवे छेद, उतार, पूल, वळणे आणि पात्राचा खडबडीतपणा त्यांत भरावा लागतो. या खडबडीतपणाला एक अंक दिलेला असतो, त्याला मॅनिंगचा गुणांक म्हणतात. स्वच्छ पात्राला ०.०३ च्या आसपास, दाट झाडीला ०.१ पर्यंत. कमाटीबागेतून वाहणारी विश्वामित्री डोळ्यांपुढे आणली, तिच्या कोतरांतली बाभळी-झुडपे आणि काठावर टाकलेला राडारोडा आठवला, की या एका अंकात किती गोष्टी दडल्या आहेत ते समजते. अमेरिकी सैन्याच्या अभियंत्यांनी तयार केलेली 'हेक-रास' ही संगणक-प्रणाली फुकट मिळते आणि आपल्याकडेही बहुतेक अभ्यास तिच्यावरच होतात.

हे सारे पुण्याच्या उदाहरणावरून अधिक स्पष्ट होते, आणि मराठी माणसाला ते उदाहरण निराळे शोधावे लागत नाही. १२ जुलै १९६१. आंबी नदीवरचे पानशेत धरण अपुरे असतानाच त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठले. पाणी सोडण्याच्या मोरीचे दरवाजे पूर्ण बसलेले नव्हते. मोरीतून पाणी आचके देत वाहू लागले, तिच्यावरचा मातीचा भराव खचत गेला आणि माथा पाण्याच्या पातळीकडे खाली उतरू लागला. आदल्या दिवशी आणि रात्रभर जवान वाळूची पोती रचत होते. सकाळी धरण गेले. खाली १८७९ सालचे दगडी खडकवासला धरण होते. त्याने काही तास तो लोंढा अंगावर घेतला आणि मग तेही फुटले. प्रतिमानाच्या भाषेत याला साखळीतली धरणफूट म्हणतात. खालचे धरण वरच्याची लाट अडवून वेळ मिळवून देते, पण ते स्वतः फुटले तर आपलेही पाणी तिच्यात मिसळते. म्हणून एका नदीवरच्या धरणांचा अभ्यास सुटासुटा करता येत नाही. पुणे दिवसाउजेडी बुडाले म्हणून पुष्कळ जण वाचले. पानशेत हे गावाचे नाव पुढे मराठीत एका संकटाचे नाव होऊन बसले, 'पानशेतच्या आधी' आणि 'पानशेतनंतर' अशी कालगणना जुन्या पुणेकरांच्या बोलण्यात अजून ऐकू येते. पाण्याच्या संशोधनासाठी १९१६ साली स्थापन झालेली केंद्रीय जल व विद्युत संशोधन शाळा त्याच खडकवासल्याला आहे आणि धरणफुटीच्या लाटांचे अभ्यास तेथेही होतात.

आम्हा गुजरातवासीयांना पानशेतहून जवळचे नाव मोरबी. ११ ऑगस्ट १९७९ च्या दुपारी मच्छू नदीवरचे दुसरे धरण फुटले. मध्ये दगडी सांडवा आणि दोन्ही बाजूंना मातीचे लांब बांध अशी त्याची रचना होती. सांडवा सेकंदाला सुमारे ५,६६३ घनमीटर, म्हणजे दोन लाख क्युसेक पाण्यासाठी बांधला होता आणि प्रत्यक्षात आले त्याच्या जवळजवळ तिप्पट. पाणी बांधांवरून वाहिले आणि दोन्हीकडचे बांध गेले. काही किलोमीटरवरच्या मोरबी शहरात अर्ध्या तासाच्या आत लाट शिरली. मृतांचे अंदाज दोन हजारांच्या आतपासून पंचवीस हजारांपर्यंत दिले जातात, आणि या तफावतीतच त्या दिवसाचे वर्णन आले. येथे चूक लाटेच्या गणिताआधीची होती. नदी जास्तीत जास्त किती पाणी आणू शकेल हा पहिला अंदाजच तोकडा होता. धरण पुन्हा बांधले तेव्हा सांडव्याची क्षमता कित्येक पट वाढवली गेली.

मोठ्या धरणांवर लक्ष असते. मला अधिक काळजी वाटते ती तिवऱ्यासारख्यांची. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले ते लहानसे मातीचे धरण फुटले आणि खालच्या भेंदवाडीतील वीसहून अधिक माणसे गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधी केली होती. नंतर खेकड्यांनी भिंत पोखरल्याचे कारण पुढे आले आणि त्यावर बरीच थट्टा झाली. पण वाडी भिंतीच्या इतकी पायथ्याशी असताना अचूक प्रतिमानानेही हातात मिनिटेच दिली असती. तेथे गळतीवर वेळेत हात घालणे किंवा वाडी हलवणे हाच उपाय होता. नकाशाचा उपयोग असलाच तर हे वर्षभर आधी दाखवून देण्यापुरता.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने नेमून दिलेल्या धरणांसाठी आपत्कालीन कृती आराखडा सक्तीचा केला आहे. लाट कोठे, किती वेळात, किती खोल पोचेल याचे नकाशे हा अशा आराखड्याचा गाभा असतो. आता भाषेच्या अध्यापकाचा हक्क बजावतो. प्रतिमानातून निघते ते असे: अमुक छेदापाशी आगमनकाल १.४ तास, कमाल खोली २.१ मीटर. हे वाक्य वाडीतल्या माणसाला निरुपयोगी आहे. 'नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे' हे आपल्या पत्रकांतले नेहमीचे वाक्यही तितकेच निरुपयोगी, कारण त्यात वेळ नाही, उंची नाही, जायचे कोठे तेही नाही. 'तुमच्या चौकात सव्वा तासात पुरुषभर पाणी येईल, शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर जा' हे वाक्य त्याच आकड्यांतून निघते. ते आधी लिहून ठेवावे लागते, आणि बडोद्यासारख्या शहरात गुजराती, मराठी, हिंदी या तिन्ही भाषांत. ऐन वेळी भाषांतर करायला कोणाला उसंत असते?

प्रतिमान खरे की खोटे, हे कशावरून ठरते? फ्रान्समधील मालपासे धरण २ डिसेंबर १९५९ च्या रात्री फुटले, चारशेहून अधिक माणसे गेली. नंतर पोलिसांनी पाणी कोठवर चढले त्याच्या खुणा मोजल्या. शिवाय दरीतील विजेची रोहित्रे लाटेने बंद पाडली होती, त्यामुळे लाट कोणत्या ठिकाणी कोणत्या वेळी पोचली हेही कळले. या नोंदींमुळे मालपासे आज जगभरच्या प्रतिमानांची परीक्षा घेणारे उदाहरण झाले आहे.

आमच्या गल्लीतील एका भिंतीवर २०२४ च्या पुराची मातकट रेघ अजून दिसते. हे वाचल्यावर मी टेप घेऊन ती रस्त्यापासून मोजली आणि पाणी तेथे केव्हा पोचले ते विचारत घरोघर फिरलो. कोणी पहाटे म्हणाले, कोणी मध्यरात्री. मावशींना मात्र पक्के आठवत होते, कारण पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीला लागले तेव्हा त्या औषधाची गोळी घ्यायला उठल्या होत्या आणि ती गोळी त्या रोज साडेतीनला घेतात. रेघेची उंची आणि ती वेळ मी वहीत लिहून ठेवली आहे. गल्लीतील उरलेल्या अकरा घरांकडून अजून विचारायचे आहे.