शिवडीचे पाहुणे आणि आजीचं गणित

मुलांना प्राणी दाखवायला न्यायचं म्हणजे आम्हा लालबाग-परळच्या लोकांना एकच जागा ठाऊक, राणीची बाग. माझी दोघं तिथे इतक्या वेळा जाऊन आली होती, की पाणघोडा कुठल्या बाजूला तोंड करून झोपतो तेही त्यांना पाठ होतं. त्यामुळे तिसरीतल्या माझ्या लेकीने एकदा विचारलं, “आई, पिंजऱ्यात नसलेले प्राणी कुठे असतात गं?” तेव्हा मी नेहमीसारखं “जंगलात” म्हणून मोकळी झाले.

ही 2012 च्या जानेवारीतली गोष्ट. त्याच आठवड्यात शेजारणीने सांगितलं, की शिवडीच्या खाडीत रोहित पक्षी आलेत. रोहित म्हणजे फ्लेमिंगो, कुणी त्यांना अग्निपंखही म्हणतात. घरापासून टॅक्सीने पंधरा मिनिटांवर हजारो पक्षी, आणि मी लेकीला जंगल सांगत बसले होते!

ठरलं. रविवारी पोळी-चटणीचे डबे भरले, शेजारणीची दुर्बीण मागून आणली. सासूबाईंना घरीच ठेवलं. “तुमचे गुडघे दुखतील, आई,” असं वर म्हटलं खरं. पण मैत्रिणींनो, तुमच्यापासून काय लपवायचं? त्या बरोबर असल्या की वाटभर सूचना चालू असतात, आणि मला एक रविवार तरी सूचनांशिवाय हवा होता.

दहाच्या सुमाराला शिवडीच्या धक्क्यावर पोचलो. गोदामं, ट्रक, चिखलात कलंडलेल्या जुन्या बोटी आणि समोर नजर जाईल तिथवर नुसता चिखल. पार टोकाला एक पांढुरकी रेघ दिसत होती. धाकटा म्हणाला, “आई, तिकडे कपडे वाळत घातलेत का?” दुर्बिणीतूनही फारसं काही कळेना. लेक रडकुंडीला आली, ह्यांचा हक्काचा सुट्टीचा दिवस उन्हात गेला आणि परतताना टॅक्सीत आमची दोघांची चांगलीच जुंपली.

घरी सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. “किती वाजता गेलेलात?”

“दहाला.”

“आज तिथी काय?”

मी कालनिर्णय बघितलं. माघ शुद्ध षष्ठी.

“मग दहाला गेलात ते ओहोटीलाच की गो! पाणी नाय, तर पाखरं कशाला जवळ येतील? मला विचारलंस का?”

त्यांचं माहेर राजापूरकडचं, खाडीकाठचं. लहानपणी तिसऱ्या वेचायला जाताना पाण्याची वेळ बघूनच जावं लागायचं. हिशेब सोपा. तिथीची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. षष्ठी म्हणजे सहाची पाऊणपट साडेचार. पहाटे साडेचारला भरती, पुन्हा संध्याकाळी साडेचारच्या आसपास. मधे सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, गणित तेच. घड्याळात थोडं मागेपुढे होतं, पण अदमास चुकत नाही. चौथीपर्यंत शिकलेल्या सासूबाईंना पाऊणकी तोंडपाठ होती. मी पदवीधर, मला कॅल्क्युलेटर लागला.

पुढच्या रविवारी त्रयोदशी. तेराची पाऊणपट पावणेदहा. “दोन-अडीच तास आधी जाऊन बसायचं,” त्यांनी हुकूम सोडला. “पाणी चढलं की चिखल कमी कमी होतो, पाखरं आपसूक काठाला सरकतात.” या वेळी त्या टॅक्सीत सगळ्यांच्या आधी बसल्या.

सव्वासातला पोचलो आणि बोलणंच थांबलं. पन्नास-साठ पावलांवर गुलाबी गर्दी! त्यात दोन जाती होत्या. उंच ते मोठे रोहित, चोच गुलाबी नि टोक काळं. बुटके, जास्त गुलाबी, गडद लाल चोचीचे ते छोटे रोहित. मान खाली, चोच उलटी करून चिखलपाणी गाळत सगळे चालले होते आणि अख्ख्या खाडीवर बदकांसारखी बडबड भरून राहिली होती.

“ते काही करडे का आहेत?” लेकीने विचारलं. ती त्यांची पोरं. जन्मतः करडी असतात, शेवाळ आणि बारीक कोळंबीसारखे जीव खाऊन त्यातल्या रंगद्रव्याने पुढे गुलाबी होतात. शेवाळ खाऊन आपणही गुलाबी होऊ का, हा धाकट्याचा प्रश्न ह्यांच्याकडे वळवला.

मी वाचून गेले होते म्हणून सासूबाईंना सांगितलं, हे पक्षी अंडी इथे घालत नाहीत. गुजरातेत कच्छच्या रणात चिखलाची उंच घरटी करतात आणि खायला म्हणून मुंबईत येतात. थंडीत आलेले पावसाच्या तोंडाशी परततात. त्या एकटक बघत होत्या.

“म्हणजे चाकरमानीच की गो हे. पोटाला मुंबई, बाळंतपणाला गाव.”

मामंजी गिरणीत होते. लालबागच्या एका खोलीत आठ-दहा पुरुषांबरोबर राहायचे. सासूबाईंची तिन्ही बाळंतपणं राजापुरात झाली आणि हे दोन वर्षांचे होईपर्यंत वडिलांना फक्त गणपती-शिमग्याला भेटले. हे सगळं लग्नानंतर इतक्या वर्षांनी, त्या धक्क्यावर, डब्यातली पोळी खाता खाता त्यांनी मला सांगितलं. मी कधी विचारलंच नव्हतं.

पाणी आणखी चढलं तसा थवा उठला. पंखाखालचा तो लाल-काळा रंग उडतानाच दिसतो, म्हणून घाईने निघू नका.

सासूबाई 2019 मध्ये गेल्या. शिवडीही पूर्वीची राहिली नाही. न्हावा-शेव्याकडे जाणारा अटल सेतू तिथूनच सुरू होतो. 2018 मध्ये त्याचं काम लागलं, 12 जानेवारी 2024 ला तो खुला झाला. पूल हवाच होता, मीही त्यावरून गेले आहे. पण 2015 मध्ये ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, 2022 मध्ये त्याला ‘रामसर’ हा पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय दर्जाही मिळाला, त्या हद्दीत शिवडीचा चिखल नाही, हे मनाला लागतं. आता मुलांना दाखवायचे असतील तर ऐरोलीला वनखात्याचं केंद्र आहे, तिथून बोटीने खाडीत नेतात. तीही भरतीच्या वेळेनुसारच हं! आणि मुंबईपर्यंत यायलाच हवं असंही नाही. इंदापूर-भिगवणकडच्या मैत्रिणींना उजनीच्या पाण्यावर हेच पाहुणे भेटतील, पैठणकडच्यांना जायकवाडीवर. भडक कपडे नकोत, पाणी आणि टोपी हवी. काठावर लहानग्यांचा हात सोडू नका, चिखल फसवा असतो.

लेक आता नोकरीला लागली आहे. कालनिर्णय घरी आलं की थंडीतले रविवार शोधून त्यांच्यापुढे पेन्सिलीने भरतीची वेळ मांडते, मनातल्या मनात पाऊणपट करून. धाकट्याला मात्र रोहित अजिबात आठवत नाहीत. चिखलात टुणटुण उड्या मारणारी निवटी बघून आजी म्हणाली होती, “याचं कालवण काय झकास होतं,” आणि आपण भोकाड पसरलं होतं, एवढंच त्याला आठवतं.