लहान मेंदू फक्त तोल सांभाळत नाही

शाळेत आम्ही मुलांना शिकवतो की अनुमस्तिष्क, म्हणजे लहान मेंदू, शरीराचा तोल सांभाळतो. हे बरोबर आहे, पण अपुरं आहे. डोक्याच्या मागच्या बाजूला असलेला हा भाग आकाराने लहान, तरी मेंदूतल्या सुमारे ८० टक्के चेतापेशी त्याच्यातच असतात.

१९९८ मध्ये बोस्टनचे डॉ. जेरेमी श्माहमन आणि जॅनेट शर्मन यांनी लहान मेंदूचा आजार असलेल्या २० रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यातल्या काहींचा स्वभावच बदलला होता. कुणी अगदी थंड पडलेलं, तर कुणी नको तिथे नको तसं वागणारं. ज्यांच्यात हा बदल ठळक होता, त्यांच्या लहान मेंदूच्या मधल्या पट्ट्याला इजा झालेली होती.

असं का होतं? लहान मेंदू बिघडला की चहाचा कप उचलताना हाताचा अंदाज चुकतो. हात पुढे तरी जातो किंवा अलीकडेच थांबतो. श्माहमन यांच्या मते भावनांचंही तसंच होतं. भावना असते, पण तिचं माप चुकतं.

म्हणून पक्षाघातानंतर अब्बा किंवा दादी विनाकारण रडू-हसू लागले, तर ‘नाटक करतात’ किंवा ‘नजर लागली’ म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टर हातापायांची ताकद विचारतील; स्वभावातला फरक मात्र घरच्यांनीच सांगायला हवा. अशा रडण्या-हसण्यावर औषधं आहेत.