जुना ट्रान्सफॉर्मर : वय किती, भरवसा किती?

मिहानमध्ये जागा पाहायला जाणारे आपले कारखानदार बंधू दर विचारतात, रस्ता विचारतात. विजेबाबत मात्र ‘कनेक्शन मिळेल ना?’ एवढ्यावरच बोलणे संपते. वाटेतले ट्रान्सफॉर्मर, केबल किती थकलेले आहेत, हे कोणी विचारीत नाही. मे महिन्यात, ऐन लग्नसराईच्या ऑर्डरीत मशिनी थांबल्या म्हणजे आठवण होते.

याच मिहानमध्ये २४६ मेगावॉटचा कोळशावरचा वीजप्रकल्प उभा राहिला, काही काळ चालला आणि पुढे वर्षानुवर्षे बंद राहिला. बंद यंत्र झिजत नाही, हा समज चुकीचा आहे. ओल शिरते, गंज चढतो. तेव्हा नुसते वय किंवा नुसते चाललेले तास पाहून निकाल देता येत नाही.

ट्रान्सफॉर्मरचेच घ्या. आत तारेवर कागद गुंडाळलेला असतो आणि सगळे तेलात बुडालेले. तेल गाळता येते, बदलता येते. कागद बदलायचा तर गुंडाळीच नवी करावी लागते. इंजिनिअरांचा ठोकताळा असा, की साध्या कागदाची उष्णता ठरलेल्या मर्यादेपेक्षा ६ अंशांनी वाढली की झिजेचा वेग दुप्पट. नागपूरचा उन्हाळा ४५ अंशांवर जातो, त्यात भार जास्त. एकाच दिवशी बसवलेल्या दोघांपैकी एक लवकर जळतो, दुसरा तीस वर्षे ओढतो, त्याचे एक मोठे कारण हे. मोठ्या ट्रान्सफॉर्मरचे तेल रक्तासारखे तपासतात. त्यात ॲसिटिलीन वायू निघाला की आत ठिणग्या पडत असल्याचा संशय घ्यायचा.

आता हिशेब. जळलेल्यांचीच नोंद घेऊन सरासरी आयुष्य काढले तर ते फसवे निघते. उधारी बुडवणाऱ्यांचीच नावे मोजली तर सगळी उधारी बुडते असेच वाटेल! अजून नीट चालणारेही वहीत धरावे लागतात. या कामी स्वीडनच्या वायबुल यांचे सूत्र वापरतात. १९५१ च्या त्यांच्या लेखात पोलादाबरोबर हिंदुस्थानी कापसाच्या तंतूच्या ताकदीचेही उदाहरण आहे. आम्हा कापडवाल्यांना हे वाचून बरे वाटले. सूत्रातला एक आकडा १ पेक्षा कमी आला तर दोष बनावटीत किंवा बसवण्यात, १ च्या आसपास असेल तर केवळ योगायोग, आणि १ पेक्षा जास्त असेल तर म्हातारपण. पहिल्या दोन्ही बाबतींत जुने काढून नवे बसवण्यात फायदा नाही, उलट पहिल्या बाबतीत नुकसानच.

मग आधी कोणता बदलायचा? समजा, एकाची वर्षभरात जळण्याची शक्यता शंभरात १० आणि नुकसान २ लाखांचे : धोका २० हजारांचा. दुसऱ्याची शक्यता ३, पण त्यावर कारखाने असल्याने नुकसान २० लाखांचे : धोका ६० हजारांचा. पैसा एकालाच पुरत असेल तर दुसरा आधी. अडचण अशी, की छोट्या कारागिराचे बुडालेले काम या हिशेबात सहसा पोहोचतच नाही. म्हणून वीज कधी गेली, कधी आली, किती माल अडकला, हे तारखेनिशी वहीत लिहून लेखी कळवावे. राज्य वीज नियामक आयोगाच्या नियमांत पुरवठा पूर्ववत करण्याची मुदत आणि उशिराची भरपाई ठरलेली आहे. तिथेही हीच वही उपयोगी पडते.

चूक आपलीही होते. मंजूर भार पाचाचा आणि मोटारी आठाच्या, असे अनेक ठिकाणी चालते. कागदावर तो ट्रान्सफॉर्मर निवांत दिसतो, आत मात्र कागद करपत असतो.